आपली तक्रार सोडवण्यात आली आहे

मोडेमवरचा एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता आणि त्याच वेळी मोबाईलवर एसएमएस आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. धन्यवाद.’ चार दिवसांतला हा तिसरा. एलओएस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, असं ते यंत्र सांगत होतं. कंपनी सांगत होती, येतोय. दोघांपैकी यंत्र खरं बोलत होतं.

ही गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातली खोली सोडून घरी आलो, तो अजून घरूनच काम करतो. घर कऱ्हेच्या काठी, बारामतीहून मोरगावच्या अंगाला. बारामती म्हटल्यावर ऊस आणि पाटाचं पाणी असं जे चित्र डोळ्यांपुढं येतं, त्यातला हा भाग नाही. इकडं जिरायत. ‘आमच्याकडं पाण्याच्या आधी इंटरनेट आलं,’ असं आबा पाहुण्यांना सांगतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या महिन्यात मी ब्रॉडबँड बदललं. जुनी लाइन कामाचे नऊ दिवस बंद होती, मग दुसऱ्या कंपनीची घेतली. घटना एवढीच. तिच्यावर लेख लिहावा असं काही नाही. पण बदलताना मला बराच मजकूर वाचावा लागला. जाहिरातीचं पत्रक, एसएमएस, कॉल सेंटरवरची ठरलेली वाक्यं, जोडणी बंद करायचा फॉर्म. हा मजकूर आपण सगळेच वाचतो, बहुतेक जण कवितेपेक्षा जास्त वेळा वाचतात. त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. इथं तेवढंच करून बघतो.

पर्यंत

पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग, अमर्यादित डेटा’. शेजारी एक चांदणी, आणि खाली त्या चांदणीचा बारीक अक्षरांतला खुलासा.

‘पर्यंत’ हे साधं शब्दयोगी अव्यय. रोजच्या बोलण्यात ते टोक गाठल्याची हमी देतं. ‘एसटी मोरगावपर्यंत जाते’ म्हटलं, तर ती मोरगावला पोचते. जाहिरातीतली एसटी वेगळी. ती स्टँडवरून हलली नाही, तरी वेळापत्रक खोटं ठरत नाही. १०० पर्यंत म्हटल्यावर ९० त्यात बसतात, ६ बसतात, शून्यही बसतं.

गंमत अशी, की सरकारी कागदावरचा शब्द बरोबर उलटा आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं किमान २५६ केबीपीएस मिळत असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरवलं. २०१३ मध्ये ती पातळी ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. सरकार ‘किमान’ बोलतं, जाहिरात ‘कमाल’ बोलते. २ आणि १०० यांच्या मधल्या मोकळ्या रानात आपण ग्राहक राहतो.

‘अमर्यादित’चंही तसंच. बारीक अक्षरांतला खुलासा सांगत होता, की ठरावीक डेटा वापरून झाला की वेग कमी होईल. याला ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हणतात. म्हणजे मर्यादा आहे, फक्त ती विशेषणातून काढून चांदणीखाली नेऊन ठेवलेली आहे. ट्रायनं ३१ ऑक्टोबर २०१६ ला कंपन्यांना सांगितलं, की ही मर्यादा ग्राहकाला स्पष्ट कळवा, आणि ती संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. हे सांगावं लागलं, यातच आधी काय चाललं होतं ते आलं.

इथं इंजिनीअर म्हणून कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. वाटून घेणं ही लबाडी नाही. घराघरांत जे फायबर येतं त्यात बहुतेक ठिकाणी जीपॉन नावाचं तंत्र असतं. केंद्रातून निघालेल्या एका तारेवर सुमारे अडीच जीबीपीएस येतात. वाटेत स्प्लिटर लावून ती तार ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. सगळ्यांनी एकदम नळ सोडला, तर प्रत्येकाला १०० मिळणार नाहीत. पण सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून हा हिशेब चालतो. खरी ओढाताण त्याच्या वर असते. केंद्राला मागून किती बँडविड्थ विकत घेतलेली आहे आणि ती किती गिऱ्हाइकांत पातळ केलेली आहे, ते पत्रकावर कधीच नसतं.

कालव्याच्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. माझी आत्या इंदापूर तालुक्यात दिलेली. तिचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. मामांना मी माझी अडचण सांगितली तर ते म्हणाले, ‘वर किती सोडलं ते पेपरात येतं. आमच्या चारीत किती आलं ते आम्हाला माहीत.’ हेडचं पाणी आणि टेलचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही समज इथं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. म्हणूनच २००५ मध्ये राज्यात सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा झाला, तेव्हा त्यातली एक महत्त्वाची गोष्ट होती ती पाणी वापर संस्थेला पाणी मोजून देण्याची. किती सोडलं याला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा कुठं मोजलं हेही सांगितलेलं असतं.

ब्रॉडबँडमध्ये ‘कुठं मोजलं’ हा शब्द गाळलेला असतो. कंपनीच्या ॲपमधल्या स्पीड टेस्टमध्ये मला ९४ दिसायचे, कारण ती कंपनीच्याच सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची. त्याच मिनिटाला ऑफिसच्या व्हीपीएनवर ६ मिळायचे. दोन्ही आकडे खरे. एक हेडचा, एक टेलचा.

कर्ता गाळलेलं वाक्य

आता शीर्षकातलं वाक्य. ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’

शाळेत व्याकरणाच्या बाईंनी विचारलं असतं, सोडवणारा कोण? वाक्यात तो नाही. मराठीत अशा वाक्याला ‘कडून’ लावून कर्ता परत आणायची सोय आहे. पण सरकारी परिपत्रकांपासून बँकांच्या मेसेजपर्यंत ती सोय क्वचितच वापरली जाते. ‘बंद ठेवण्यात येत आहे’, ‘नाकारण्यात आला आहे’, ‘सोडवण्यात आली आहे’. सगळं आपोआप घडतं. कोणी करत नाही, त्यामुळं कोणाला विचारता येत नाही.

या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. तक्रार सुटली की नाही, हे ज्याची तक्रार त्यानं ठरवावं अशी आपली समजूत असते. इथं ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो ठरवतो आणि आपल्याला कळवतो. वर ‘धन्यवाद’.

मी फोन केला, नवी तक्रार नोंदवली, नवा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य आलं. कारण मला माहीत होतं. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं वस्तीच्या अलीकडं केबल उखडली होती. ऑगस्टभर पाऊस नव्हता, त्यामुळं वाऱ्यापावसाचं निमित्तही कोणाला सांगता येत नव्हतं. तुटलेली दोन टोकं मी स्वतः जाऊन बघून आलो होतो.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम रेटत होतो. घरात एकच खिडकी अशी, जिथं रेंज टिकते. तिथं लॅपटॉप, शेजारी आईचं धान्य निवडणं. सकाळच्या मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा आणि बंगळुरूचा मॅनेजर म्हणायचा, ‘नंतर लिहून पाठव.’ तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, पुण्यात परत यायचा काही विचार आहे का? विचारणं अगदी सभ्य होतं. पण प्रश्न कळायचा तो कळला. त्या लाल दिव्यावर माझं घरी राहणं टांगलेलं होतं.

तेव्हा रात्री बसून नियम वाचले. ट्रायची ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाची नियमावली २००६ ची होती. (पुढं ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाईल आणि ब्रॉडबँड दोन्हींसाठी एकत्र नवी नियमावली आली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली.) २००६ च्या नियमांत लिहिलेलं होतं, की बिघाड कामाच्या तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ग्राहकाला सात दिवसांच्या भाड्याची सूट, सातपेक्षा जास्त राहिला तर पंधरा दिवसांची, पंधरापेक्षा जास्त राहिला तर महिन्याची. माझ्या नऊ दिवसांना निम्म्या महिन्याचं भाडं लागू होत होतं. ५९९ चे अंदाजे ३०० रुपये.

मग तो एसएमएस मला नीट वाचता आला. सूट बिघाडाच्या दिवसांवर आहे, आणि बिघाडाचे दिवस तक्रार उघडी असेपर्यंतच मोजले जातात. दर दिवशी तक्रार बंद करून नवी उघडली, तर कागदावर एकही बिघाड एका दिवसापेक्षा जुना होत नाही. त्या वाक्यातला कर्ता नुसता लाजून लपलेला नव्हता. त्याला तिथं न दिसण्याचं कारण होतं.

केका

कॉल सेंटरवर ऐकू येतं ते वाक्य असं, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ बोलणारी मुलगी माझ्याच वयाची वाटली. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तिच्यासमोर पडद्यावर जे होतं ते ती वाचत होती. मी तिला म्हटलं, ‘ताई, केबल कुठं तुटलीय ते मी बघून आलोय, जागा सांगू का?’ ती म्हणाली, ‘सर, तो पर्याय माझ्याकडं नाही.’ आख्ख्या संभाषणात हे एकच वाक्य तिचं स्वतःचं होतं.

मला मोरोपंत आठवले. बारामतीकर असल्यावर ते कधी ना कधी आठवतातच. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. जन्म पन्हाळ्याचा, पण आयुष्याचा मोठा भाग इथं, याच कऱ्हेच्या काठी गेला. त्यांची ‘केकावली’ आम्हाला शाळेत भक्तिकाव्य म्हणून शिकवली. केका म्हणजे मोराची आर्त हाक. पण आता वाचताना ती मला तक्रारीसारखी वाटते. देवाकडं केलेली, पृथ्वी वृत्तात बांधलेली तक्रार. कवी विनवतो, मग वाद घालतो, आधी कोणाकोणाला तारलंस याचे दाखले देतो आणि मग मलाच का टाळतोस, असं विचारतो. तक्रार कशी करावी, याचा तो चांगला नमुना आहे.

पण केकावली उभी राहते ती एका गृहीतावर. ऐकणारा ऐकतो आहे. उत्तर देईल न देईल, पण हाक पोचते. कॉल सेंटरच्या मजकुरात हे गृहीतच काढून घेतलेलं आहे. तिथं दिलगिरी आधीच छापलेली असते, हाक नंतर येते. ज्यानं ऐकलं त्याला काही करता येत नाही, आणि ज्याला करता येतं त्याला ऐकू येत नाही.

मोरोपंतांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दाखला. नुसतं ‘फार त्रास होतोय’ म्हणून चालत नाही. मी तारखा लिहिल्या, प्रत्येक तक्रारीचा नंबर लिहिला, लाल दिव्याचे रोजचे फोटो काढले. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणं कॉल सेंटरनंतरची पायरी म्हणजे कंपनीचं अपील प्राधिकरण. त्यानं ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यापुढं ग्राहक आयोग. २००९ च्या एका निकालामुळं टेलिफोनच्या तक्रारींना ते दार बंद मानलं जात होतं, कारण १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद होती. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या तरतुदीमुळं ग्राहक आयोगाचा अधिकार जात नाही. हा आपल्या उपयोगाचा दाखला आहे.

सोडून जाणं

मित्र म्हणाले, एवढं कशाला? बदलून टाक ना. खरंय. बाजारात नापसंती सांगायची सोपी रीत हीच. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे, आणि आमच्या पिढीला ती जन्मसिद्ध हक्कासारखी वाटते. पण तारेला अशी सोय नाही. दुसरी कंपनी म्हणजे दुसरी तार, दुसरा खांब, दुसरा माणूस. आमच्या वस्तीवर २०२३ पर्यंत दुसरी तार नव्हतीच. ती आली, म्हणून मला बदलता आलं. आत्याच्या वस्तीवर आजही एकच आहे. तिला सोडून जायचा हक्क आहे, पण जायला जागा नाही.

शिवाय आमची जुनी लाइन चालवणारा भावकीतला. आधी केबल टीव्ही चालवायचा, मग एका मोठ्या कंपनीची फायबर जोडणी द्यायला लागला. मी त्याला दादा म्हणतो. आबा म्हणाले, ‘फॉर्म भरायच्या आधी त्याला तोंडानं सांगून ये. उद्या पंगतीला शेजारी बसायचंय.’

म्हणून गेलो. तो दुकानात स्प्लाइसिंगचं मशीन उघडून बसला होता. मी सांगितलं. त्याला राग आला नाही. म्हणाला, ‘घे की. तुझं पोटापाण्याचं काम हाय.’

मी विचारलं, ‘दादा, लाइन बंद असताना तक्रार बंद कोण करतं?’

तो जरा थांबला. ‘मीच करतो.’

‘तू?’

‘चोवीस तासांत बंद नाही केली तर माझ्या कमिशनमधनं कापत्यात. वरनं केबल यायची ती आठ दिवस आली नाही. मग काय करू? बंद करायची आन परत उघडायची.’

असा कर्ता सापडला. चार दिवस मी ज्याला शिव्या घालत होतो तो माझा चुलतभाऊ होता, आणि त्याचं मशीन हप्त्यावर घेतलेलं होतं.

घरी येताना मला माझंच ऑफिस आठवलं. स्प्रिंट संपायच्या दिवशी बोर्डावर उघडी तिकिटं दिसू नयेत, म्हणून ‘आमच्याकडं असा बिघाड दिसला नाही’ असं लिहून मी किती बग बंद केले असतील! त्या प्रत्येक तिकिटाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी लाल दिव्याकडं बघत बसलेलं असणार. त्यालाही मेसेज गेला असणार, सोडवण्यात आलं आहे. त्या वाक्यातला गाळलेला कर्ता मी होतो. मलाही ते आकड्यासाठीच करावं लागलं, आणि तो आकडाही दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला होता.

म्हणजे ज्या वाक्याची मी समीक्षा करत होतो, त्याचा लेखक दादा नव्हे. दादा फक्त बटण दाबतो. लेखक तो, ज्यानं ठरवलं की बिघाड किती तासांत दुरुस्त झाला याऐवजी तक्रार किती तासांत बंद झाली हे मोजायचं. तो कुठल्या शहरातल्या कितव्या मजल्यावर बसतो, मला माहीत नाही. पण माझं सोडून जाणं त्याच्यापर्यंत पोचत नाही एवढं नक्की. जोडणी बंद करायच्या फॉर्मवर कारणासाठी एक यादी होती. ‘घर बदलले’, ‘दर परवडत नाहीत’, ‘इतर’. ‘सेवा वाईट’ हा पर्यायच नव्हता. मी ‘इतर’ निवडलं. माझ्या जाण्यानं दादाचं एक गिऱ्हाईक कमी झालं. कंपनीच्या हिशेबात एक ‘इतर’ वाढलं.

मला या सगळ्यातून एवढंच म्हणायचं आहे. कंपनी बदलणं गरजेचं असेल तर जरूर बदलावी, मीही बदलली. पण ते तक्रार करण्याच्या जागी धरू नये. बदलण्याचा फटका साखळीतल्या शेवटच्या माणसाला बसतो. मोजलेली, तारीख घातलेली, पायरीपायरीनं वर नेलेली तक्रार मात्र त्याला ओलांडून पुढं जाते.

म्हणून लाइन बदलल्यावरही मी अपील मागं घेतलं नाही. कागदात दादाचं नाव कुठं येणार नाही असं बघितलं आणि एकच मागणी ठेवली, की नऊ दिवस हा एकच बिघाड धरा. महिन्याभरानं उत्तर आलं. ‘पंधरा दिवसांच्या भाड्याची सूट मंजूर करण्यात आली आहे.’ कर्ता याही वाक्यात नाही. पण आकडा होता, आणि तो टेलला मोजलेला होता.

नव्या कंपनीच्या पत्रकावरही ‘पर्यंत’ आहे, चांदणी आहे. मोडेमशेजारी भिंतीवर मी एक वही अडकवली आहे. लाइन गेली की तारीख आणि वेळ लिहायची, आली की लिहायची. मी ऑफिसच्या कामात असलो तर आई लिहिते. पाळीच्या पाण्याची अशी वही मामांकडं आहे, तिथूनच ही कल्पना घेतली. गेल्या महिन्यात दादा घरी आला होता. त्यानं ती वही उघडून बघितली आणि म्हणाला, ‘अशीच एक माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना दे. वर दाखवायला मला तरी कुठं काय आहे?’

बारा वह्या दिल्या आहेत.